डुकरांची हगवण आणि संवेदनशीलता चाचणी: या चुका टाळा

संवेदनशीलता चाचणीच्या (जंतूवर कोणते अँटिबायोटिक चालते हे पाहणाऱ्या) अहवालात जेंटामायसिनपुढे ‘एस’, म्हणजे ‘चालते’, असतो, पिल्लांना इंजेक्शन दिले जाते आणि हगवण तशीच चालू राहते. अशा वेळी औषध बनावट असल्याची शंका सगळ्यात आधी येते. पण बऱ्याचदा चाचणी भलत्याच जंतूची झालेली असते, नाहीतर अहवाल वाचण्यात घोळ झालेला असतो.

औषध सुरू केल्यावर नमुना घेणे. दोन दिवस अँटिबायोटिक दिलेल्या डुकराच्या विष्ठेतून मूळ जंतू सापडेलच असे नाही. सापडतात ते औषधाला पुरून उरलेले. हगवण लागून एक दिवसही झालेला नाही अशी, औषध न दिलेली तीन ते पाच जनावरे निवडा. जमिनीवरची विष्ठा घेऊ नका, गुदाशयातून स्वॅब घ्या. तो ट्रान्सपोर्ट माध्यमात घालून २ ते ८ अंशांवर ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. कोरडा स्वॅब उन्हात तापलेल्या गाडीतून पाठवणे म्हणजे पैसे वाया.

कोणताही ई. कोलाय दोषी धरणे. ई. कोलाय निरोगी डुकराच्या आतड्यातही असतोच, त्यामुळे ‘ई. कोलाय आढळला’ या ओळीला काही अर्थ नाही. दूध तोडल्यानंतर एक-दोन आठवड्यांत लागणाऱ्या हगवणीत एफ४ किंवा एफ१८ फिंब्रिया (आतड्याला चिकटायला लागणारे बारीक केस) असलेले प्रकार शोधायचे असतात. ते बहुधा ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या थिजलेल्या माध्यमावर) वसाहतीभोवती, म्हणजे जंतूंच्या ठिपक्याभोवती, रक्त विरघळवतात. पीसीआरने (जंतूची जनुके ओळखणाऱ्या चाचणीने) खात्री झाली की मगच त्या वसाहतीची संवेदनशीलता तपासा. तपासायच्या औषधांच्या यादीत टायलोसिन, लिंकोमायसिन, टायम्युलिन घालायला सांगू नका, ई. कोलाय त्यांना मुळातच दाद देत नाही.

रक्त-शेंबडाच्या हगवणीला डिस्क पद्धत लावणे. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डिस्क पद्धतीत जंतू पसरलेल्या अगारवर औषधाची चकती ठेवतात आणि तिच्याभोवतीचा जंतू न वाढलेला गोल, म्हणजे झोन, मोजतात. वाढत्या वयाच्या डुकरांत विष्ठेतून रक्त आणि शेंबूड पडत असेल, तर ब्रॅकीस्पायरा हायोडिसेंटेरीचा संशय धरा. हा जंतू ऑक्सिजनविना आणि फार सावकाश वाढतो. डिस्कचे झोन १६ ते १८ तासांत वाचायचे असतात. याची तेवढ्यात वाढसुद्धा दिसत नाही. त्याच नमुन्यातला ई. कोलाय मात्र रात्रीत उगवतो आणि अहवाल त्याचाच तयार होतो! ब्रॅकीस्पायरासाठी वेगळी निवडक माध्यमे लागतात. ४२ अंशांवर ऑक्सिजनविरहित जारमध्ये त्याला कित्येक दिवस ठेवावे लागते. मग सीरम घातलेल्या ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात), ३७ अंशांवर, साधारण चार दिवसांची एमआयसी चाचणी करतात. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ रोखणारी औषधाची सगळ्यात कमी मात्रा. ही सोय प्रयोगशाळेत आहे का, हे नमुना पाठवण्याआधी विचारून घ्या.

एमआयसीचे आकडे एकमेकांशी ताडणे. ब्रॅकीस्पायरासाठी जंगली, म्हणजे प्रतिकारक्षमता न मिळवलेल्या जंतूंची सुचवलेली वरची मर्यादा टायम्युलिनला ०.२५, लिंकोमायसिनला १ आणि टायलोसिनला १६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. म्हणून टायम्युलिन १ आणि टायलोसिन ८ आले, तर लहान आकडा पाहून टायम्युलिन ‘जास्त चांगले’ म्हणता येत नाही. मर्यादेपलीकडे सरकलेले टायम्युलिनच आहे. पण ही मर्यादा उपचाराच्या यशाची हमीही नव्हे. टायलोसिनचा प्रतिकार जंतूच्या २३एस आरआरएनएतल्या (औषध जिथे चिकटते त्या रेणूतल्या) एका जागी बदल होऊनही येतो आणि मग आकडा एकदम उंच उडी मारतो. टायम्युलिनचा सहसा पायरीपायरीने चढतो, म्हणून त्याचे जुने अहवाल फाइलला लावून ठेवा. डिस्कच्या झोनचेही तसेच: एका औषधाचे २२ मिलिमीटर आणि दुसऱ्याचे २८, यातून कोण सरस हे ठरत नाही.

डिस्क चाचणीत हाताची चूकही झोन बदलते. जंतूंचे द्रावण ०.५ मॅकफार्लंडचे (हे गढूळपणाचे माप) हवे आणि ते १५ मिनिटांत पसरायला हवे. अगार ४ मिलिमीटर जाड हवा, पातळ अगारवर झोन खोटा मोठा दिसतो. सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित जंतूची प्लेट लावलेली नसेल, तर त्या दिवसाच्या आकड्यांवर विसंबू नका.

कोलिस्टिनची डिस्क. हा मोठा रेणू अगारात नीट पसरत नाही, त्यामुळे झोन फसवा असतो. ब्रॉथ पद्धतच हवी. शिवाय भारतात अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा उपचारासाठी हा पर्याय नाहीच.

लॉसोनियाची संवेदनशीलता मागू नका. हगवण लावणारा हा जंतू पेशीच्या आतच वाढतो, साध्या प्लेटवर कधीच येत नाही. त्याचे निदान पीसीआरने करा.

‘एस’ म्हणजे आतड्यात पोचते असे समजणे. इंजेक्शनने दिलेले जेंटामायसिन आतड्याच्या पोकळीत फारसे उतरत नाही. साल्मोनेला जंतूच्या बाबतीत तर ते प्लेटवर चालते आणि जनावरात हरते, कारण जंतू पेशींच्या आत दडतो.

वजन अंदाजाने धरणे. पाण्यातून टायम्युलिनची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला ८.८ मिलिग्रॅम, पाच दिवस. ३० किलोची २० डुकरे म्हणजे ६०० किलो, म्हणजे रोज ५.२८ ग्रॅम शुद्ध औषध. पावडर ४५ टक्क्यांची असेल तर सुमारे १२ ग्रॅम. पशुवैद्याकडून लेबल तपासून घ्या, टक्केवारी विसरली की मात्रा निम्म्याखाली जाते. कोंबड्यांचे उरलेले खाद्य डुकरांना घालत असाल, तर त्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन यांपैकी एखादे औषध आहे का ते आधी बघा. टायम्युलिनच्या आधी आणि नंतर किमान सात दिवस ते बंद हवे. दोन्ही एकत्र गेले तर स्नायू निकामी होऊन डुकरे मागच्या पायांवर बसतात आणि मरतातही.