आधी ठराव वाचा, भाषण नंतर

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या मुलांना मी शनिवारी आधी भाषण करू देत नाही; हातात पेन्सिल आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा, अरब-इस्रायल युद्धानंतरचा, 22 नोव्हेंबर 1967 चा ठराव 242 देते. पहिलं काम: क्रमांक घातलेल्या कलमांतल्या क्रियापदांखाली रेघ मारा. 'दुजोरा देते', 'विनंती करते' दिसेल. 'निर्णय घेते' शोधूनही सापडणार नाही. मग इंग्रजी आणि फ्रेंच मसुदे शेजारी ठेवा. इंग्रजीत इस्रायलची व्यापलेल्या 'प्रदेशांतून' माघार, पण आधी 'द' (the) नाही. म्हणजे सगळ्या की काही, हा वाद अजून धुमसतोय. फ्रेंच मसुदा 'सगळ्या'कडे झुकतो. (मराठीत 'द' नाहीच. भाषांतर करून बघा, घाम फुटतो.)

पुढचा शनिवार मतदानाचा. 25 फेब्रुवारी 2022, युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याविरुद्धचा मसुदा: 11 बाजूने, रशियाचा नकाराधिकार, भारत, चीन, अमिराती तटस्थ. आपण तटस्थ का, हे 100 शब्दांत लिहा. मगच भारताचं मूळ निवेदन उघडा: त्यात खेद आहे, रशियाचा निषेध नाही. गेल्या वर्षी एकाने सहा ओळींत तीनदा 'तीव्र निषेध' लिहिलं. म्हटलं, मग बाजूनेच मत का नाही दिलंस रे?