वाळवंटात गोल्फ कोर्स आखताय? या चुका टाळा

अंधेरीच्या ऑफिसात बसून मी आखाती देशांतल्या गोल्फ कोर्सच्या सिंचनाची ड्रॉइंग्ज करतो. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असतो आणि समोर स्क्रीनवर वर्षाला जेमतेम १०० मिमी पावसाची जागा असते. आपल्या बऱ्याच चुका इथेच जन्माला येतात. आपण पावसाळ्यातली माणसं. जमिनीतले क्षार दरवर्षी पाऊस फुकटात धुऊन नेतो, त्यामुळे ते धुवावे लागतात हेच आपल्याला आठवत नाही. आमच्याकडे नवीन येणाऱ्या सिव्हिल आणि ॲग्रीच्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो.

पाण्याचा हिशेब न करता होल आखू नका

अठरा होलचा, म्हणजे खेळाच्या अठरा पट्ट्यांचा, कोर्स आणि ४० हेक्टर हिरवळ धरा. भर उन्हाळ्यात गवताला रोज साधारण ७ मिमी पाणी लागतं. एका हेक्टरवर १ मिमी म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे दिवसाला २८ लाख लिटर. आपल्या सोसायट्यांत येणारे दहा हजार लिटरचे २८० टँकर, रोज. हे पाणी बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केलेलं सांडपाणी असतं, साइटवर सगळे त्याला टीएसई म्हणतात. ते किती मिळणार, उन्हाळ्यात कमी होणार का, हे लेखी हातात आल्याशिवाय पहिली रेघ मारू नका. होल आधी आखले की मग पाणी पुरत नाही म्हणून हिरवळ कुरतडायची वेळ येते, आणि ती नेहमी चुकीच्या जागी कुरतडली जाते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९८० च्या भूजल कायद्यानंतर पाण्यावर बंधनं आली. तिथल्या रचनाकारांनी टी (पहिला फटका मारायची जागा), चेंडू जिथे पडायला हवा तो पट्टा आणि ग्रीन (शेवटच्या खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) एवढंच हिरवं ठेवलं, मधलं वाळवंट तसंच राहू दिलं. मला ती रचना दिसायलाही जास्त प्रामाणिक वाटते. दुबईत मात्र १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचा मजलिस कोर्स पूर्ण हिरवा उभा राहिला आणि तेव्हापासून प्रत्येक मालकाला तसलंच चित्र हवं असतं.

‘पाऊस नाही, मग निचरा कशाला?’

ही सगळ्यात महागडी चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. एका प्रकल्पात खर्च कमी करायचा म्हणून फेअरवेखालचे, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या हिरवळीखालचे, निचऱ्याचे पाइप वगळायचं ठरलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात सखल भागात पिवळे चट्टे आले. तिथल्या माळ्यांनी पाणी वाढवलं. चट्टे आणखी पसरले. मी गेलो तेव्हा सुरीने गवताचा चौकोनी तुकडा कापून काढला. वर दोन बोटं ओली माती, मुळं तपकिरी, आणि कडेला पांढरी साय धरलेली. चिमूटभर जिभेवर ठेवली. मीठच होतं.

हिशेब साधा आहे. पाण्याचा ईसी, म्हणजे खारेपणाचं माप (डेसिसीमेन्स प्रति मीटर), ३ असेल तर लिटरमागे जवळपास २ ग्रॅम क्षार येतात. २८ लाख लिटर म्हणजे दिवसाला पाच टनांहून जास्त मीठ आपणच जमिनीवर टाकतो. पाणी हवेत उडून जातं, मीठ मागे राहतं. ते मुळांच्या खाली ढकलायला गरजेपेक्षा जास्त पाणी द्यावं लागतं. ईसी ३ आणि आपली हरळी असेल तर साधारण दहावा भाग जास्त. आणि ते जास्तीचं पाणी कुठेतरी निघून जायला हवं. खाली रोलरने दाबलेला थर असेल, किंवा जागा सबखा असेल, म्हणजे किनाऱ्याजवळची खारी जमीन जिथे भूजल हातभर खाली असतं, तर मीठ फिरून वर येतं. त्या प्रकल्पात शेवटी चालू कोर्सवर चर खोदून पाइप टाकावे लागले. आधी वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त गेले.

आणि पाऊस पडतच नाही असंही नाही. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ खत्म अल शक्लाला चोवीस तासांच्या आत २५४ मिमी पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या ९४४ मिमीमध्ये कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलेल्या आपल्या लोकांनी तरी पाण्याची वाट बुजवू नये.

वाळू आहे म्हणून सगळी वाळू चालत नाही

टेकाडांची वाळू वाऱ्याने घासून बारीक आणि गोल झालेली असते. ती बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात, भरली की चेंडू अर्धा रुततो आणि पहिल्याच वादळात वाळू ग्रीनवर येते. ग्रीनसाठी खाली १० सेंमी खडी आणि वर ३० सेंमी मुळांचा थर ही यूएसजीएची, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची, पद्धत. त्या थरातले किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरचे लागतात. ट्रक उतरवण्याआधी नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

गवत आणि झाडं

पाणी फार खारं असेल तर पास्पालम हे मीठ सोसणारं गवत, नाहीतर हरळीच्या संकरित जाती. जगभर बर्म्युडा म्हणून मिरवणारं गवत म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दूर्वाच, उष्णता तिला मानवते. या संकरित जाती बीने नाही, कांड्यांनी लावतात, आणि जमीन तापलेली असताना. उद्‌घाटनाच्या तारखेसाठी डिसेंबरात लावलेली कांडी तशीच झोपून राहते. वारा अडवायला लांबून ताड आणण्याऐवजी घाफ लावा. अमिरातीचं हे राष्ट्रीय झाड म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. एकदा रुजली की पाणी मागत नाही.

चट्टा दिसला की लगेच पाणी वाढवू नका

आधी सारख्या मापाचे पंधरा-वीस डबे चट्ट्याच्या आत-बाहेर मांडा आणि रात्री, वारा पडल्यावर, स्प्रिंकलर दहा मिनिटं चालवा. चट्ट्यातल्या डब्यांत पाणी कमी भरलं तर दोष नोझलमध्ये, दाबात किंवा हेड तिरकं बसण्यात. टीएसईतल्या शेवाळाने फिल्टर तुंबलेत का, तेही तेव्हाच बघा. डबे सारखे भरले तर माती काढून ईसी मोजा. ईसी जास्त आला तर रोजचं थोडं थोडं शिंपण थांबवा, त्याने मीठ वरच साचतं. दोन-तीन रात्री मधे मधे थांबून खोलवर पाणी द्या. ईसी ठीक असूनही माती कोरडी आणि पाण्याचा थेंब वर गोळी होऊन बसत असेल, तर ती वाळू पाणी झटकतेय. तिला ओलावा धरवणारं औषध लागतं, पाणी नाही.