जेम-५ मध्ये लिनक्स एकदाच बूट करा: चेकपॉइंट घेणं आणि तिथून पुढे जाणं

नवा प्रोसेसर किंवा नवी कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) सिलिकॉनवर उतरवण्याआधी ती सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघायची असेल, तर सिम्युलेटर लागतो. संशोधनात यासाठी जेम-५ फार वापरला जातो. मिशिगन विद्यापीठाचा एम-५ आणि विस्कॉन्सिनचा जेम्स असे दोन प्रकल्प एकत्र होऊन तो झाला. त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध २०११ चा.

अडचण वेगाची आहे. बारीकसारीक हिशेब ठेवणारा सीपीयू निवडला, तर एरवी अर्ध्या मिनिटात उठणारं लिनक्स इथे उठायला तासन् तास घेतं. मोजायचं असतं ते बूटनंतरचं छोटंसं काम. म्हणून बूट एकदाच करायचं, त्या क्षणी मशीनची अवस्था साठवायची आणि पुढचा प्रत्येक प्रयोग तिथून सुरू करायचा. या साठवणीला चेकपॉइंट म्हणतात.

बहुतेक जण ठेचकाळतात ते एका गैरसमजामुळे. चेकपॉइंट म्हणजे आख्खं मशीन नव्हे. घर बदलताना आपण खोक्यांवर ‘स्वयंपाकघर’, ‘माजघर’ असं लिहितो, तसं समजा. चेकपॉइंटमध्ये फक्त सामान असतं. घर तुमच्या कॉन्फिगरेशनने आधी बांधायचं, आणि खोल्यांची नावं तीच ठेवायची.

(खाली आदेश आणि फायली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत.)

आधी कॉन्फिगरेशन. जेम-५ मध्ये कॉन्फिगरेशन म्हणजे नुसत्या किमतींची यादी नसते, तो चक्क पायथन प्रोग्राम असतो. किती कोअर, किती मेमरी, कोणती कॅश कोणाला जोडायची, हे सगळं त्यात लिहायचं आणि जेम-५ च्या नावापुढे त्या स्क्रिप्टचं नाव द्यायचं. इथे जागेला महत्त्व आहे: स्क्रिप्टच्या नावाआधी लिहिलेले पर्याय सिम्युलेटरचे, नंतर लिहिलेले स्क्रिप्टचे. ‘आउटडिर’ हा पर्याय सिम्युलेटरचा, म्हणून तो आधी. तो न चुकता द्या. नाहीतर प्रत्येक धाव ‘एम५आउट’ याच फोल्डरमध्ये लिहिते आणि कालचे आकडे आज पुसले जातात.

त्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग डॉट आयएनआय’ नावाची फाइल दिसते. नावावरून वाटतं की हीच बदलून पुन्हा चढवायची असेल. तसं नाही. स्क्रिप्टने प्रत्यक्षात काय उभारलं, त्याची ती नोंद आहे. बदल करायचा तो स्क्रिप्टमध्येच. तरी ही नोंद टाकून देऊ नका, शेवटी तीच कामाला येते.

आता चेकपॉइंट घ्या. बूटसाठी बारीक हिशेब न ठेवणारा, साधा ‘अ‍ॅटॉमिक’ सीपीयू वापरा. तुमचं स्वतःचं मशीन सिम्युलेटरमधल्या प्रोसेसरच्याच जातीचं असेल, तर ‘केव्हीएम’ (यात आदेश थेट तुमच्या खऱ्या प्रोसेसरवर चालतात) त्याहून कितीतरी वेगवान. लिनक्स उठलं की आतल्या टर्मिनलवर ‘एम५ चेकपॉइंट’ हा आदेश द्या. त्यासाठी एम५ हा छोटा मदतनीस प्रोग्राम डिस्क इमेजमध्ये, म्हणजे आतल्या मशीनची डिस्क म्हणून वापरायच्या फाइलमध्ये, आधीच टाकलेला हवा. पायथनमधून घ्यायचा असेल, तर ‘एम५ डॉट चेकपॉइंट’ला फोल्डरचं नाव द्यायचं. साठवण्यापूर्वी सिम्युलेटर अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करून घेतो, म्हणजे वाटेतल्या मेमरी-विनंत्या हवेत लटकत राहत नाहीत.

मग ‘सीपीटी’ आणि पुढे टिकचा आकडा अशा नावाचा फोल्डर मिळतो. टिक हे सिम्युलेटरच्या घड्याळाचं एकक. नेहमीच्या मांडणीत एक टिक म्हणजे एक पिकोसेकंद, म्हणून आकडा अगडबंब असतो, घाबरू नका. आतली ‘एम५ डॉट सीपीटी’ ही साधी मजकुराची फाइल आहे. एकदा उघडून बघाच. चौकोनी कंसांत ‘सिस्टिम डॉट सीपीयू’सारखी नावं दिसतील. हीच ती खोक्यांवरची लेबलं. मेमरीतला मजकूर शेजारी वेगळ्या, दाबून लहान केलेल्या फाइलीत असतो.

परत चढवताना स्क्रिप्टमध्ये मशीन पुन्हा उभारा आणि ‘एम५ डॉट इन्स्टॅन्शिएट’ला त्या फोल्डरचा पत्ता द्या. जुन्या तयार स्क्रिप्ट वापरत असाल, तर ‘चेकपॉइंट-डिर’मध्ये ‘सीपीटी’चे फोल्डर ज्यात आहेत तो बाहेरचा फोल्डर आणि ‘आर’ला क्रमांक द्यायचा. हा क्रमांक म्हणजे टिक नव्हे. १ म्हणजे त्या फोल्डरमधला सगळ्यात आधीचा चेकपॉइंट.

काय बदलता येतं? कॅशचा आकार, सीपीयूचा प्रकार. बूट अ‍ॅटॉमिकवर आणि मोजमाप सविस्तर सीपीयूवर, हीच तर या सगळ्यातली गंमत. कोअरची संख्या, मेमरीचा आकार आणि डिस्क इमेज मात्र तीच हवी. डिस्क इमेजचं मी स्वतः भोगलंय. एक विसरलेला बेंचमार्क (मोजमापासाठी चालवायचा प्रोग्राम) त्यात ‘नुसता कॉपी’ केला आणि जुना चेकपॉइंट चढवला. लिनक्सच्या डोक्यात जुन्या डिस्कचा नकाशा, समोर नवी डिस्क. फाइल सिस्टिमच्या चुका मी दोन दिवस माझ्या कॅशच्या कोडमध्ये शोधत होतो.

नवं काम द्यायला इमेजला हात लावायची गरजच नसते. बूट-स्क्रिप्ट अशी लिहा की चेकपॉइंटच्या आदेशानंतरची ओळ ‘एम५ रीडफाइल’ असेल. चढवल्यावर लिनक्स त्याच ओळीवरून पुढे सरकतं आणि त्या वेळी तुम्ही बाहेरून दिलेली स्क्रिप्ट वाचतं. एका बूटवर हवे तितके बेंचमार्क.

आकडे मात्र लगेच टिपू नका. जेम-५ च्या ‘क्लासिक’ मेमरी पद्धतीत कॅशमधला मजकूर साठवला जात नाही, त्यामुळे चढवल्यावर कॅश रिकामी असते आणि सुरुवातीला ‘मिस’चं, म्हणजे हवा तो मजकूर कॅशमध्ये न सापडण्याचं, प्रमाण फुगून येतं. थोडा वेळ काम चालू द्या, कॅश भरू द्या, मग ‘एम५ डॉट स्टॅट्स डॉट रीसेट’ करून मोजायला लागा. ‘रुबी’ ही जेम-५ ची दुसरी मेमरी पद्धत वापरणाऱ्यांचं गणित वेगळं: तिथे कॅशमधल्या मजकुराची नोंद ठेवून ती परत भरण्याची सोय आहे.

आणि ‘कान्ट अनसीरियलाइझ’ असं म्हणत सगळं थांबलं तर? त्या संदेशातच खोली आणि वस्तूचं नाव असतं. ती खोली नव्या घरात आहे, पण तिला हवी ती वस्तू खोक्यात नाही. जेम-५ ची आवृत्ती मधल्या काळात बदलली असेल, तर ‘युटिल’ फोल्डरमधली ‘सीपीटी अपग्रेडर’ स्क्रिप्ट चालवून बघा, अर्थात चेकपॉइंटची प्रत काढून ठेवल्यावर. आवृत्ती तीच असेल, तर बहुधा तुम्ही पायथनमध्ये एखाद्या भागाचं नाव बदललंय किंवा तो दुसऱ्याच्या पोटात हलवलाय. जुन्या आणि नव्या धावेच्या ‘कॉन्फिग डॉट आयएनआय’ फायली ‘डिफ’ने शेजारी लावा, बदललेलं नाव मिनिटभरात सापडतं.