होस्टच्या नावावरून आयपी पत्ता: गेटॲडरइन्फो नीट कसं वापरावं

लिनक्सवर सी भाषेत नेटवर्कचा प्रोग्रॅम लिहिताना नावावरून पत्ता काढायला आजही बरेच जण गेटहोस्टबायनेम वापरतात, कारण जुन्या उदाहरणांत तेच असतं. ते सोडून द्या. त्याला आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत) येत नाही. शिवाय उत्तर तो एकाच सामायिक जागेत ठेवतो, त्यामुळे दोन थ्रेड्सनी एकदम हाक मारली तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडू शकतं. पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टम्सच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतून हे फंक्शन काढूनही टाकलंय. त्याच्या जागी गेटॲडरइन्फो हे फंक्शन वापरायचं.

त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात: होस्टचं नाव, सर्व्हिस किंवा पोर्ट (हेही स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे "४४३"), हिंट्सचं (कशा प्रकारचे पत्ते हवेत ते सांगणारं) स्ट्रक्चर आणि उत्तराची यादी जिथे यायची तो पॉइंटर. हिंट्स आधी मेमसेटने शून्य करा. हे विसरलात तर आतला कचरा फ्लॅग म्हणून वाचला जातो, आणि मग एका मशीनवर चालणारा कोड दुसऱ्यावर चालत नाही. मग एआय_फॅमिलीत एएफ_अनस्पेक भरा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही पत्ते मिळतील. एआय_सॉकटाइपमध्ये सॉक_स्ट्रीम भरा. तो रिकामा ठेवला की लिनक्सवर प्रत्येक पत्ता तीनदा येतो: टीसीपी, यूडीपी आणि रॉ सॉकेटसाठी एकेकदा. सर्व्हर लिहीत असाल तर नावाच्या जागी नल आणि फ्लॅग्जमध्ये एआय_पॅसिव्ह द्या.

परत आलेला आकडा शून्य असेल तरच काम झालं. नसेल तर एरर छापणारं नेहमीचं पीएरर फंक्शन वापरू नका. तो एररनो (सिस्टमच्या शेवटच्या चुकीचा आकडा) वाचतो आणि इथली चूक एररनोमध्ये नसते, म्हणून कधीकधी चक्क 'सक्सेस' असा एरर छापला जातो. संदेशासाठी जीएआय_स्ट्रएरर आहे. कोड कोणता आला यावर पुढची चाल ठरवा. ईएआय_नोनेम म्हणजे असं नाव सापडलं नाही, पुन्हापुन्हा विचारून उपयोग नाही. ईएआय_अगेन म्हणजे तूर्त उत्तर मिळत नाही, थोडं थांबून परत विचारा. ईएआय_सिस्टम आला तरच एररनो बघायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उत्तर म्हणजे एक पत्ता नसतो, लिंक्ड लिस्ट असते. पहिला पत्ता उचलून बाकीचे टाकून देणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. यादीत आयपीव्ही६चा पत्ता वर आला आणि तुमच्या नेटवर्कचा आयपीव्ही६चा रस्ता अर्धवट असला, तर जोडणी अडकून पडते. खाली चालणारा आयपीव्ही४ पत्ता असूनही कोणी त्याच्याकडे बघत नाही. म्हणून लूप लावा. सॉकेट उघडा, कनेक्ट करून बघा, जमलं नाही तर ते सॉकेट बंद करून पुढच्या नोंदीवर जा. यादीची सुरुवात वेगळ्या पॉइंटरमध्ये जपून ठेवा आणि शेवटी फ्रीॲडरइन्फोला तेच द्या. लूपमध्ये पुढे सरकवलेला पॉइंटर दिला तर मेमरी गळते किंवा प्रोग्रॅम कोसळतो. पायथॉनमध्ये सॉकेट मॉड्यूलचं क्रिएट_कनेक्शन हा लूप स्वतःच चालवतं.

"डिगने पत्ता मिळतो, पण प्रोग्रॅमला मिळत नाही" ही तक्रार नेहमीची. डिग ही कमांड थेट डीएनएस सर्व्हरला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारते. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) वापरणारा प्रोग्रॅम आधी ईटीसी फोल्डरमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फ फाइलमधली 'होस्ट्स'ची ओळ बघतो, आणि तिथे सहसा 'फाइल्स' आधी व 'डीएनएस' नंतर असतं. म्हणजे होस्ट्स फाइलमध्ये कोणीतरी कधीकाळी टाकलेली जुनी नोंद डीएनएसच्या आधी लागू होते. तपासायचं असेल तर 'गेटएंट एहोस्ट्स' आणि पुढे नाव अशी कमांड द्या. ती गेटॲडरइन्फोच वापरते, त्यामुळे प्रोग्रॅमला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं.

वेळेचंही गणित समजून घ्या. गेटॲडरइन्फोला टाइमआउट देताच येत नाही, आणि सॉकेटवर लावलेला टाइमआउट इथे लागू होत नाही, कारण सॉकेट अजून जन्मलेलंच नसतं. पायथॉनमध्ये क्रिएट_कनेक्शनला दिलेला टाइमआउटही नाव शोधण्याचा वेळ धरत नाही. जीलिबसी प्रत्येक डीएनएस सर्व्हरसाठी ५ सेकंद थांबतो आणि अशा २ फेऱ्या करतो. दोन सर्व्हर लिहिलेले आणि दोन्ही बंद असले की एका नावामागे सुमारे २० सेकंद जातात. ईटीसीमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'ऑप्शन्स टाइमआउट:१ अटेम्प्ट्स:२' लिहिलं की हा काळ बराच आटोक्यात येतो. ग्राफिक इंटरफेस असेल तर ही हाक मुख्य थ्रेडवरून मारूच नका.

कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत) आणखी एक खड्डा आहे. तिथे पॉडमध्ये (कंटेनरच्या गटात) एनडॉट्सचा, म्हणजे किती टिंबं असली की नाव पूर्ण समजायचं त्या सेटिंगचा, आकडा सहसा ५ असतो. नावात त्याहून कमी टिंबं असली की आधी प्रत्येक सर्च डोमेन (नावाच्या शेवटी आपोआप जोडायचं ठरलेलं डोमेन) जोडून विचारणा होते आणि खरं नाव शेवटी विचारलं जातं. नावाच्या शेवटी टिंब दिलं की हे फेरे वाचतात. मात्र ते टिंब फक्त शोधताना द्या; टीएलएसच्या प्रमाणपत्राशी नाव ताडताना आणि एचटीटीपीच्या होस्ट हेडरमध्ये ते नको.

सुरुवातीला एकदा पत्ता काढून तोच दिवसेंदिवस वापरू नका. जोडणी तुटली की नव्याने विचारा, नाहीतर सर्व्हर हलला तरी तुमचा प्रोग्रॅम जुन्याच दारावर उभा राहील.

उलटा शोध, म्हणजे पत्त्यावरून नाव, गेटनेमइन्फोने होतो. लॉगसाठी एनआय_न्यूमेरिकहोस्ट हा फ्लॅग द्या, नाहीतर लॉगची ओळ डीएनएसची वाट बघत बसते. असं मिळालेलं नाव पत्त्याचा मालक स्वतः लिहू शकतो, म्हणून परवानगी देण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

डॉट भारतमधली देवनागरी नावं असतील तर जरा जास्त काळजी घ्या. डीएनएसमध्ये अशी नावं प्युनिकोड करून, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदलून, जातात. जीलिबसीत त्यासाठी एआय_आयडीएन फ्लॅग आहे. पायथॉनचा अंगभूत आयडीएनए कोडेक (अशी नावं बदलणारा भाग) मात्र २००३ च्या जुन्या नियमांवर चालतो आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह गाळून टाकतो. 'दऱ्या' हा शब्द साधा र, हलन्त आणि जॉइनर वापरून टाइप केला असेल, तर त्याचा 'दर्या' होतो आणि शोध भलत्याच नावाचा लागतो. म्हणून पायथॉनमध्ये वेगळं मिळणारं आयडीएनए पॅकेज वापरा. ते २००८ च्या नियमांनी चालतं आणि हलन्तानंतरचा जॉइनर राखून ठेवतं. त्याने तयार केलेलं प्युनिकोड नाव मग गेटॲडरइन्फोला द्या.