हप्त्यांवर खरेदी करताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोबाइल, फ्रीज हप्त्यांवर घेताना सर्रास होणारी चूक म्हणजे ‘नो कॉस्ट ईएमआय’ला बिनव्याजी समजणं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज लागतंच, फक्त विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत आधी देते.

क्रेडिट कार्डावरचं उदाहरण घ्या. फोन 30,000 चा, हप्ते सहा, दरमहा 5,000. व्याजदर 15 टक्के धरला तर कर्ज साधारण 28,730 रुपयांचं आणि व्याज 1,270. या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 229 रुपये, तुमच्याच खिशातून जातात. प्रोसेसिंग फी 199 असेल तर तीही जीएसटीसकट 235. म्हणजे ‘नो कॉस्ट’चे 460 च्या वर झाले. त्यातच रोखीने घेतल्यावर दुकानदार हजार-दीड हजार कमी करणार असेल, तर तेही यात धरा. म्हणून आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्याचं बोला.

वस्तू परत केली की हप्ते आपोआप थांबतात, हा समज सगळ्यात जास्त त्रास देतो. रिफंड विक्रेत्याकडून येतो, कर्ज मात्र बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या वहीत असतं. त्यांना कळवून कर्ज बंद करून घेतलं नाही, तर पुढच्या महिन्यात हप्ता कापला जाऊ शकतो. रिफंडची पावती जपून ठेवा, कर्ज रद्द झाल्याचं लेखी मागा आणि ते हातात येईपर्यंत हप्ता चुकवू नका. रागाच्या भरात ऑटो-डेबिट बंद करणारे बरेच असतात. नुकसान शेवटी त्यांचंच होतं.

‘पे लेटर’वर किराणा, जेवण, रिचार्ज असं दोनशे-तीनशेचं उधार घेताना हे कर्ज आहे, हे लक्षातच राहत नाही. पण चुकलेले 240 रुपयेही सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात थकबाकी म्हणून दिसू शकतात, आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी बँक तेच पान उघडते. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो काढाच. बंद केलेलं खातं अजून चालू दिसत असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा.

हप्त्याची तारीख पगाराच्या आधीची निवडू नका. खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स होतो आणि बँक व कर्ज देणारी संस्था, दोघांचाही दंड बसतो.

ॲपवरून कर्ज घेताना ‘मान्य’ दाबण्याआधी मुख्य तथ्य पत्रक वाचा. वार्षिक खर्चाचा खरा दर म्हणजे एपीआर, सगळी शुल्कं आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव त्यात असतं. ॲप नुसता मध्यस्थ असू शकतो. विचार बदलला तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते.

तक्रार करायची तर आधी त्या संस्थेकडेच, लेखी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे पैसे लागत नाहीत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.