गंगापूर धरणावर जायचं, तर फ्लायचा डिंक दोन-तीन दिवस आधी

रविवारी पहाटे नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर मासेमारीला उभं राहायचं असेल, तर फ्लाय, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं नकली आमिष, बांधायचं काम गुरुवारपर्यंत आटपा. शनिवारी रात्री घाईघाईत बांधलेली फ्लाय वरून सुकलेली दिसते, पण आत ओलीच असते आणि मरळीच्या दातांखाली तिचा दोरा लगेच सुटतो. जलाशयाचा ठेका ज्यांच्याकडे आहे, त्यांची परवानगीही त्याच आठवड्यात काढून ठेवा.

टेबलावर पातळ हेड सिमेंट (फ्लायच्या दोऱ्यात मुरणारा खास डिंक), फेविक्विक आणि बिनरंगी नेलपॉलिश हवं. हेड सिमेंट मिळत नाही म्हणून अडून बसू नका, मेनरोडवरून आणलेलं साधं नेलपॉलिश डोक्यावरच्या शेवटच्या थराला छान चालतं. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल मात्र नको, तो पाण्यात मऊ पडतो. खिडकी उघडी असू द्या आणि गॅसची शेगडी लांब, कारण थिनर आणि अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतात.

आता सिमेंटची बाटली तिरकी करून पाहा. पाण्यासारखं धावलं तर ठीक, संथ ओघळलं तर थिनरचे चार थेंब घाला. सुईच्या टोकावर बारीकसा थेंब घेऊन दोऱ्याला टेकवला की दोरा क्षणात गडद होतो आणि थेंब दिसेनासा होतो. तसं झालं म्हणजे सिमेंट मुरलं. थेंब मण्यासारखा वरच बसून राहिला, तर एकतर सिमेंट अजून दाट आहे किंवा दोऱ्याला मेण जास्त लागलंय.

सगळा डिंक शेवटी डोक्यावर लावायची सवय सोडा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. डोकं शाबूत राहतं आणि फ्लायचं अंग गळाच्या दांडीभोवती गरगर फिरायला लागतं, असं किती जणांचं होतं! दांडीवर दोऱ्याचा पहिला थर बसला की तिथेच एक थेंब द्या, मग शेपूट बांधा. मोरपिसाचे तंतू फार नाजूक, म्हणून ते ओल्या सिमेंटवरच गुंडाळायचे आणि वरून तांब्याची बारीक तार उलट्या दिशेनं फिरवायची. इथे फेविक्विक घेतलंत, तर तंतू नीट बसवायला वेळच मिळत नाही. यूव्ही टॉर्चच्या उजेडात घट्ट होणारं यूव्ही रेझिनही इथे कामाचं नाही, कारण तंतूंच्या खाली तो उजेड पोचत नाही.

फेविक्विकची खरी जागा शेवटच्या गाठीत. फ्लायजवळच्या दोन-तीन सेंटिमीटर दोऱ्याला ते पुसटसं लावा आणि त्याच दोऱ्यानं व्हिप फिनिश, म्हणजे दोरा स्वतःवरच गुंडाळून मारायची शेवटची गाठ, घाला, म्हणजे डिंक गाठीच्या आत जातो. कोंबड्याच्या पिसांपासून लांब ठेवा. ते पिसांच्या केसांतून वर चढतं आणि पिसं ताठ, पांढरट होतात.

पॉपरचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचे, डोळे चिकटवायला दोन ट्यूबचं अरल्डाइट घ्या. दोन्ही ट्यूबमधलं समसमान, आणि घट्ट होईपर्यंत फ्लाय हळूहळू फिरवत राहायची, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या थंडीच्या दिवसांत ट्यूब आधी कोमट पाण्यात ठेवा, आणि मिश्रण सुकायलाही नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. पावसाळ्यात त्रास वेगळा, ओल्या हवेत नेलपॉलिश दुधाळ पडतं. उघडीप पाहून दोन पातळ थर द्या, एक जाड थर कधीच नको.

प्रत्येक थरानंतर, ओलं असतानाच, गळाच्या नेढ्यातून पिसाचा देठ आरपार ओढा. फ्लाय सुकायला पुठ्ठ्यात किंवा बुचात टोचा, थर्माकोल थिनरनं विरघळतो. डबीत भरण्याआधी प्रत्येक फ्लायमधून नायलॉनचा दोरा ओवून पाहा. अडला तर नेढं सुईनं घरीच मोकळं करा, काठावर अंधारात ते जमत नाही.