ऑस्ट्रेलियाच्या आरंभकाळातील क्रिकेटपटूचे चरित्र कसे लिहावे

अशा खेळाडूविषयी लिहायला बसताना प्रथम त्याच्या सामन्याचा धावफलक समोर ठेवावा आणि तो त्याच काळच्या नियमांनी वाचावा. ऑस्ट्रेलियातील पहिला प्रथम श्रेणी सामना ११ व १२ फेब्रुवारी १८५१ रोजी आजच्या टास्मानियातील लॉन्सेस्टन येथे झाला. पाहुण्या पोर्ट फिलिप संघाने ८२ आणि ५७ धावा केल्या, तर यजमान व्हॅन डीमन्स लँड संघाने पहिल्या डावात १०४ व दुसऱ्यात ७ बाद ३७ अशी मजल मारून तीन गडी राखून विजय मिळवला. तेव्हा दहा-बारा धावांच्या खेळीला अपयश ठरवण्यापूर्वी संघाची एकूण धावसंख्या अवश्य पाहावी. आपला ‘षटक’ हा शब्दही येथे फसवतो, कारण त्या सामन्यात एका षटकात चारच चेंडू टाकले जात. सवयीने सहाने गुणल्यास गोलंदाजाचा सगळा हिशेब चुकतो. शिवाय ‘प्रथम श्रेणी’ हा दर्जा या सामन्याला पुष्कळ नंतर मिळाला, म्हणून त्या पदार्पणाचा अभिमान खेळाडूच्या मनात घालू नये.

त्यानंतर वृत्तपत्रांकडे वळावे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात ती विनामूल्य वाचता येतात. मात्र शोध तत्कालीन नावांनी घ्यावा. टास्मानिया १८५६ पर्यंत व्हॅन डीमन्स लँड होते आणि व्हिक्टोरिया जुलै १८५१ पर्यंत पोर्ट फिलिप जिल्हा होता. बातमीत केवळ आडनाव आढळल्यास व्यवसाय, गाव आणि मृत्यूची नोंद जुळल्याखेरीज तो आपलाच माणूस आहे असे मानू नये.

खरी कसोटी मैदानाबाहेरच्या आयुष्यात लागते. टॉम विल्स हे व्हिक्टोरियाचे कर्णधार होते आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संस्थापकांपैकी एक. ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलंडमधील कलिन-ला-रिंगो येथे आदिवासींच्या हल्ल्यात त्यांचे वडील होरेशियो यांच्यासह एकोणीस जण मारले गेले आणि पुढच्या सूडसत्रात अनेक आदिवासींचे प्राण गेले. असे असूनही १८६६ च्या नाताळानंतरच्या दिवशी मेलबर्नच्या मैदानावर विल्स आदिवासी संघाचे नेतृत्व करत होते. मला या दोन घटना शेजारी ठेवल्यावर कोणत्याही शतकी खेळीपेक्षा अधिक अस्वस्थ वाटते. त्यांच्यामधला दुवा मनाने रचण्याचा मोह येतो. तो आवरावा, दोन्ही तारखा लिहाव्यात, सूडाचे बळीही त्याच परिच्छेदात ठेवावेत आणि मगच १८८० मधील विल्स यांच्या आत्महत्येकडे जावे.